दुसऱ्याचं शून्य

कारखान्यात तिला सगळे शून्यताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे शून्यताई. पण पाठीमागचं नावही तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला राग नव्हता. एखाद्या नव्या माणसाच्या तोंडून ते नाव चुकून तिच्यासमोरच निसटलं आणि त्याने जीभ चावली, तर ती हसून म्हणायची, "अरे, शिवी नाही ती. पदवी आहे."

कारखाना पंपांची धडं बनवणारा. ओतीव लोखंडाचं धड मिलिंग मशीनवर कापून तयार झालं की तिच्यापुढे यायचं. तिचं टेबल काळ्या ग्रॅनाइटचं, तळ्यातल्या संथ पाण्यासारखं सपाट. त्यावर तिचा हाइट गेज उभा असे. जड पाया, सरळ दांडा आणि दांड्यावरून वरखाली सरकणारी एक पोलादी पट्टी. तिला कारखान्यात चोच म्हणत. चोच आधी टेबलाला टेकवायची आणि तिथे शून्य लावायचं. मग ती उचलून धडाच्या हव्या त्या जागी टेकवायची आणि दांड्यावरचा आकडा वाचायचा. सांगायला काम एवढंच, पण सगळी विद्या त्या 'टेकवायची' या एका शब्दात. जरा जास्त दाब पडला की चोच वाकते आणि आकडा खोटा येतो. जरा कमी पडला तर ती अधांतरीच राहते. टेकणं कुठे संपलं आणि दाबणं कुठे सुरू झालं, हे डोळ्यांना दिसत नाही. ते बोटांना कळतं.

बाकीच्या मापांना गेजला डायल लावता यायची. काटा हलला की टेकलं, इतकं सोपं. पण धडाच्या पोटात एक अरुंद खाच होती. तिचा तळ बुडापासून किती उंच, यावर पुढचं सगळं अवलंबून. त्या खाचेत डायल शिरत नसे. तिथे चोच आणि बोटं, तिसरं काही नाही. खाचेचं माप म्हणजे ताईचं माप, असं कारखान्यात वर्षानुवर्षं चालत आलं होतं.

नाव पडलं ते मात्र एका चुकीमुळे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आधीच्या पाळीतल्या तपासनिसाने गेजची चोच बदलली होती आणि शून्य नव्याने लावलंच नव्हतं. हिने येऊन गेज होता तसा हातात घेतला आणि दिवसभर मोजलं. आकडे सगळे सुरेख. पुढे गाडीभर माल परत आला, कारण धडांवर झाकणं बसेनात. नवीन म्हणून तिला कुणी फारसं बोललं नाही. पण तिने तेव्हापासून एक नियम धरला: दुसऱ्याच्या शून्यावर मोजायचं नाही. चहाला उठून परत आली तरी शून्य पुन्हा. टेबलापाशी कुणी नुसता टेकून उभा राहून गेला तरी पुन्हा.

मिलिंगवाला तिच्याच वयाचा, तोंडाने फटकळ. तो म्हणायचा, "ताई, त्या शून्याला दिवसातून किती वेळा विचारता, बरं आहेस ना म्हणून? कधीतरी माझ्या गुडघ्याचीही चौकशी करा."

"तुमचा गुडघा हलतो हे मला ठाऊक आहे," ती म्हणायची. "शून्य हलतं की नाही, ते बघावं लागतं."

आणि मग ती जिन्यावरून पडली.

घर दुमजली. खाली तिच्या नवऱ्याचं शिंप्याचं दुकान, वर राहती जागा. नवऱ्याची मोठी बहीण त्यांच्याकडेच असे. तिला स्वच्छतेचं वेड. त्या दिवशी तिने जिना साबणाने धुतला आणि सांगायचं राहून गेलं. ताई कामाला निघाली, दुसऱ्याच पायरीवर घसरली आणि उजव्या मनगटावर सगळा भार घेऊन खाली आली. हाड जुळलं, प्लॅस्टर निघालं, हात वळू लागला. पण अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं पूर्वीसारखी झाली नाहीत. पेला धरता येई, वेणी घालता येई, नुसतं कळत नसे. हातमोजा घालून जगाला शिवल्यासारखं वाटे. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, परत येईलही, नाहीही येणार.

नणंद झालेल्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ताबा तिने पूर्ण घेतला आणि जिना कोरड्या फडक्याने पुसू लागली.

कारखान्यात क्वालिटीच्या प्रमुख एक तरुण मॅडम होत्या. माणूस चांगला, हिशोब चोख. त्यांनी ताईला आपल्या खोलीत बसवून घेतलं. "ताई, स्टोअरमध्ये जागा आहे. खुर्ची, पंखा, उभं राहणं नाही. खाचेच्या मापाला आपण कुणाला तरी तयार करू."

"मॅडम, मी डाव्या हाताने करीन."

मॅडमनी तिच्या हातांकडे पाहिलं. गेजची चोच सरकवणारी बारीक फिरकी उजव्या हाताला सोयीची, ताईची सगळी सवय उजव्या हाताची. "करता येईल?"

"अजून येत नाही. येईल."

"बरं. यंदाची सगळ्या तपासनिसांची परीक्षा व्हायची आहे. तीच पाच धडं पुन्हा पुन्हा मोजायची, मागचे आकडे बघायचे नाहीत. तुमचे आकडे जमले तर टेबल तुमचं. नाही जमले तर..."

"तर स्टोअर," ताईने वाक्य पुरं केलं. "कळलं."

कारखान्यात एक मोडीत काढलेला गेज पडून होता. त्याच्या दांड्यावरचे आकडे झिजून पुसट झाले होते, पण चोच आणि फिरकी ठीक होती. तो तिने रीतसर विचारून घरी आणला आणि ओट्यावर ठेवला. ओट्याचा दगड काही कारखान्यातल्यासारखा नव्हता, पण हाताला धडे द्यायला पुरेसा होता. नवऱ्याकडून तिने कापड बेतायचा पातळ कागद घेतला आणि त्याच्या पट्ट्या केल्या. कागदाची पट्टी चोचीखाली धरायची, डाव्या हाताने फिरकी फिरवत चोच खाली आणायची. कागद ओढताना जरासा, अगदी जरासा अडला की थांबायचं. फाटला तर दाब जास्त, सरकन निघाला तर कमी. पहिलीतलं पोर अक्षर गिरवतं तशी ती जिभेचं टोक दातांत धरून बसायची.

पहिले काही दिवस ओट्याखाली नुसत्या चिंध्या पडल्या.

"हा खांब इथे ठेवलास," नणंद म्हणाली, "आता मी भाजी काय डोक्यावर चिरू?"

"वन्सं, अर्धाच ओटा घेतलाय."

"तुझा अर्धा अर्ध्याहून मोठा आहे. माझी परात मावत नाही."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उठून आली तेव्हा तिचा अर्धा ओटा कोरडा, लख्ख पुसलेला होता आणि कागदाच्या पट्ट्या एकसारख्या रचून ठेवलेल्या होत्या.

हळूहळू डावा हात शहाणा झाला. आधी पट्ट्या फाटायच्या थांबल्या. मग डोळे मिटून जमू लागलं. मग एक दिवस कागद न ठेवताही बोटाला कळलं: टेकली. तिने हात काढला आणि तशीच बसून राहिली. हरवलेली वस्तू दुसऱ्याच कुणाच्या खिशात सापडावी, तसं काहीसं तिला वाटलं.

परीक्षेआधी सराव म्हणून मॅडमनी तिला तीच पाच धडं मोजू दिली. ती शांतपणे उभी राहिली, शून्य लावलं, डाव्या हाताने खाचेत चोच उतरवली, आकडे सांगत गेली. पुन्हा शून्य, पुन्हा पाच धडं. असं तीनदा. मॅडम कागदावर लिहीत होत्या. त्यांच्या भुवया आधी वर गेल्या आणि मग जवळ आल्या.

"ताई, तुमचे आकडे एकमेकांशी इतके जुळतात की मला नवल वाटतंय. पण सगळेच्या सगळे खऱ्या मापापेक्षा वीस मायक्रॉनने जास्त आहेत."

वीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा. पण पंपाच्या झाकणाला तो हिस्सा पुरतो.

मिलिंगवाला जवळच रेंगाळत होता. "मग त्यात काय? ताईंनी आकडा सांगायचा, मॅडमनी वीस वजा करायचे. माझी बायको घड्याळ दहा मिनिटं पुढे लावते. आम्ही सगळे दहा वजा करून जगतोच की."

मॅडमनाही ते अगदीच टाकाऊ वाटलं नाही. "चूक कायम तेवढीच असेल, तर तसं करता येतं, ताई. दुरुस्ती म्हणून लिहून ठेवू."

"नको," ताई म्हणाली.

"का?"

"आज वीस आहे. ती कुठून येते हे मला ठाऊक नाही. जी कुठून येते ते ठाऊक नाही, ती उद्या वीसच असेल हे मी कशाच्या जोरावर सांगू? तिचं मूळ सापडू दे. नाही सापडलं तर मी स्टोअरमध्ये बसेन, पण वजा करून टेबलावर बसणार नाही."

मिलिंगवाल्याने कपाळाला हात लावला. "ताई, तुम्ही म्हणजे ना, जेवणात केस नाही हे बघायला अख्खं जेवण चिवडाल."

ती मूळ शोधू लागली. आधी तिला वाटलं, डोळा. डाव्या हाताने काम करायचं म्हणून ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहत होती. तिथून आकडा तिरका दिसत असेल. वाकून, अगदी समोर डोळा नेऊन पाहिलं. वीस मायक्रॉन जागचे हलले नाहीत. मग टेबल पुन्हा पुसलं, चोच काढून पुन्हा बसवली. मग गेजवर संशय घेतला. पण त्याच गेजने मॅडमनी मोजलं तर आकडा बरोबर. म्हणजे चूक गेजमध्ये नव्हती, टेबलात नव्हती, धडात नव्हती. चूक तिच्यात होती. मग तिने डाव्या हाताची उलटतपासणी सुरू केली. घरी पुन्हा कागदाच्या पट्ट्या. डावा हात निर्दोष. जितक्या वेळा विचारावं तितक्या वेळा तेच उत्तर.

परीक्षा जवळ आली. नवरा तिला काही विचारत नसे. तिला अडचणीत प्रश्न आवडत नाहीत, हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. तो नुसता जेवताना तिच्या डाव्या बाजूला बसू लागला होता आणि तिच्या ताटातलं जे संपेल ते वाढत होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती खाली दुकानात चहा घेऊन गेली, तर तिथे भांडण पेटलेलं. एक गिऱ्हाईक नवा शर्ट घालून आरशापुढे उभं होतं आणि कॉलरमध्ये बोटं घालून दाखवत होतं.

"मास्तर, या कॉलरमध्ये मी आणि माझा भाऊ दोघे मावू."

नवऱ्याने टेप गळ्यातून काढली, कॉलर मोजली, चिठ्ठीवरचं माप पाहिलं. "माप तर हेच आहे. मी कापलंय ते बरोबर कापलंय. माप कोणी घेतलं होतं?"

"मी," कोपऱ्यातून नणंद म्हणाली. ती काज-बटणं करत बसली होती. "तू बाहेर गेला होतास. गिऱ्हाईक परत पाठवू का? घेतलं मी माप."

"कुठल्या टेपने?"

"नव्या. तुझी ती जुनी चिंधी कोण हातात धरणार? ताणून ताणून तिची पार दोरी झालीय."

"आक्का!" नवरा खुर्चीत बसलाच. "अगं, ती लांबलीय हे मला का ठाऊक नाही? मी अंगही तिनेच मोजतो आणि कापडही तिनेच कापतो. ती दोन्हीकडे सारखंच खोटं बोलते, म्हणून शर्ट खरा बसतो. तू अंग मोजलंस खऱ्या टेपने आणि मी कापड कापलं खोट्या टेपने. मग कॉलरीत भाऊ शिरणारच की!"

"मग खोटी टेप ठेवतोस कशाला?"

"हाताला बसलीय माझ्या!"

"तुझ्या हाताला बसलीय आणि या गृहस्थाच्या गळ्याला आलीय."

गिऱ्हाईक हसू लागलं. ताई हसली नाही. ती ट्रे धरून दारात उभी होती. ट्रे तिने उजव्या हातावर पेलला होता आणि डाव्याने नुसता आधार दिला होता. तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हा कधी पुढे आला? तिने तर त्याला सांगितलं नव्हतं.

चहा शिवणयंत्रावर ठेवून ती वर गेली. ओट्यापाशी उभी राहिली आणि मुद्दाम, विचार न करता, कारखान्यात करते तसं सगळं केलं. आधी शून्य. आणि शून्याला कुठला हात गेला? उजवा. इतक्या वर्षांची सवय. दाराची कडी लावताना माणूस कुठल्या हाताने लावू असं विचारत नाही, तसं शून्य उजव्या हाताने लागत होतं. माप डाव्याने घ्यायचं हे तिने स्वतःला शिकवलं होतं. शून्याबद्दल शिकवायचं तिला सुचलंच नव्हतं, कारण शून्य तिला येतच होतं.

तिने कागदाची पट्टी चोचीखाली ठेवली आणि उजव्या हाताने चोच टेकवली. बोटांना काही कळलं नाही. तिला वाटलं टेकली, तिथे ती थांबली. पट्टी ओढली. पट्टी फाटली.

बधिर हात चोच दाबून शून्य लावत होता, खऱ्या शून्याच्या खाली. मग डावा हात हलक्याने खरं माप घेई आणि आकडा तेवढाच वर निघे.

"दुसऱ्याच्या शून्यावर मोजायचं नाही," ती स्वतःशीच म्हणाली. हा नियम तिने अख्ख्या कारखान्याला ऐकवला होता. आपलाच उजवा हात एक दिवस दुसरा होईल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

खालून नवऱ्याची हाक आली, "अगं, चहा गार होतोय तुझा!"

"अहो, तुमची ती खोटी टेप टाकू नका!" तिने वरूनच ओरडून सांगितलं. खालून नणंदेचा आवाज आला, "हिला काय झालं आता?"

कारण कळलं म्हणजे सवय सुटली असं नव्हे. शून्याची वेळ आली की उजवा हात झेप घेई. त्याला ती दटावी, तो ऐके, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा पुढे. जेवताना तिने हे नवऱ्याला सांगितलं. संध्याकाळी त्याने तिचा कामावरचा ॲप्रन परत दिला. त्याला उजव्या बाजूला एक नवा खिसा होता, खोल, मनगटापर्यंत.

"हात यात ठेव. बाहेर यायला त्याला जरा वेळ लागेल. तेवढ्यात तुझ्या लक्षात येईल." आणि मग शिवणीवरून बोट फिरवत म्हणाला, "आतून माया ठेवलीय. हात सुजलाच कधी, तर उसवून मोठा करता येईल."

कापडात शिवणीसाठी जास्तीचं सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. ताईच्या कामात माया चालत नसे. दोघांची यावरून जुनी थट्टा होती. त्या दिवशी मात्र तिने थट्टा केली नाही. हात खिशात घालून पाहिला आणि म्हणाली, "बरोबर बसलाय."

परीक्षेच्या दिवशी तिचा नंबर जेवणाच्या सुट्टीआधी आला. मॅडम कागद घेऊन बसल्या. मिलिंगवाला मशीन बंद करून, फडक्याला हात पुसण्याच्या निमित्ताने येऊन उभा राहिला. त्यानेच कापलेली धडं होती ती.

शून्य डाव्या हाताने. माप डाव्या हाताने. उजवा हात खिशात. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला टेबल पुसून तिने गेज पुढे ओढला आणि चोच खाली आणली. शून्य लागलंसुद्धा. तेव्हा तिच्या लक्षात आलं की खिसा रिकामा आहे.

कुणाला दिसलं नव्हतं. मॅडम कागदात पाहत होत्या.

ताईने चोच वर घेतली. "मॅडम, ही फेरी पहिल्यापासून धरा. शून्य पुन्हा लावते."

"आत्ताच तर लावलंत, ताई," मिलिंगवाला म्हणाला. "मी बघितलं. लागलं ना शून्य!"

"लागलं. पण ते दुसऱ्याचं होतं."

"इथे तुमच्याशिवाय आहे कोण दुसरं?"

तिने उजवा हात खिशात घातला, टेबल नव्याने पुसलं, डाव्या हाताने फिरकी फिरवली. जेवणाची घंटा झाली. लोक डबे घेऊन निघाले, यंत्रं एकेक करून गप्प झाली. तिने घाई केली नाही. पाचवं धड मोजून झालं तेव्हा शेडमध्ये फक्त तिघं उरली होती.

मॅडमनी आकडे जुळवले. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग पेनाचं टोपण लावलं.

"वीस कुठे गेले, ताई?"

"घरी सापडले."

मॅडम हसल्या. स्टोअरच्या किल्ल्या बरेच दिवस त्यांच्या टेबलावर ताईची वाट पाहत पडल्या होत्या. त्या उचलून त्यांनी खणात टाकल्या.

दुपारी मिलिंगवाला ताजं धड घेऊन आला आणि ते ठेवून टेबलाला टेकून उभा राहिला. तिने शून्य लावलं, चोच खाचेत उतरवली, आकडा वाचला. पुन्हा शून्य लावलं, पुन्हा वाचला.

"तीस जास्त. अजून एक हलका कट घ्या."

"ताई, आज तरी! सकाळपासून तुमच्यासाठी उपाशी उभा होतो मी."

"त्याबद्दल उद्या तुमच्या गुडघ्याची चौकशी करीन."

त्याने धड काखेत मारलं आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हात बदलला, पण बाई तीच आहे!"

ताईने फडकं घेतलं. तो टेबलाला टेकून उभा राहिला होता, म्हणून टेबल पुसायला हवं होतं. ते तिने पुसलं, उजवा हात खिशात आहे ना ते पाहिलं, आणि चोच पुन्हा हळूहळू खाली आणली.